घोटे कुणी धरले होते?

ऐकलंत ते खरं आहे. दुसऱ्या मजल्यावरून वाकून भाजीवाल्याला हाक मारतानाही ज्यांना गरगरतं, माथेरानला प्रत्येक पॉइंटवर ज्या सगळ्यांच्या पर्सा सांभाळत दहा हात मागे उभ्या राहिल्या, त्या बाई आफ्रिकेत जाऊन एका धबधब्याच्या काठावर पालथ्या पडून आल्या. काठाजवळ वगैरे नाही, थेट काठावर. हनुवटी पुढे, दोन्ही हात पसरलेले, समोर शंभर मीटर खोल दरी, दरीत इंद्रधनुष्य आणि चेहऱ्यावर भिशीचा नंबर लागल्यासारखं हसू. अंगात पोहण्याचा पोशाख! ग्रुपवर फोटो पडला तेव्हा पाच मिनिटं कुणी काही बोललंच नाही. मग अंगठे आले, लाल बदाम आले, आणि त्याच्या मागोमाग सुरू झाले खासगीतले फोन. ‘पाहिलंस का?’ ‘पाहिलं बाई.’ ‘घरच्यांनी जाऊ दिलं?’ ‘जाऊ दिलं म्हणजे? मागे टॉवेल घेऊन उभे आहेत ते कोण?’

आणि ही काही एकटीदुकटीची थेरं नाहीत. साथच आली आहे. नवी लग्नं झालेली जोडपी, निवृत्तीचे पैसे हातात पडलेले काका, मुलं परदेशी स्थिरावल्यामुळे अचानक मोकळ्या झालेल्या मावश्या, सगळ्यांना तेच हवंय. पूर्वी ‘आफ्रिकेला जाऊन आलो’ म्हटलं की सिंह दिसला का, असं विचारायचे. आता विचारतात, ‘पूलमध्ये उतरलात ना?’ नाही म्हणालात तर समोरचा असं बघतो की जणू पंढरपूरला जाऊन तुम्ही चंद्रभागेवरूनच परतलात.

तर हा पूल म्हणजे डेव्हिल्स पूल. व्हिक्टोरिया फॉल्सच्या माथ्यावरचा एक डोह. झांबेझी नदी झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवर एका भेगेत उडी घेते, तिथला हा प्रकार. काठाची लांबी १७०८ मीटर, खोली १०८ मीटर. १०८ ऐकून आमच्याकडच्या एका आजींनी आपसूक हात जोडले, ते वेगळं. एवढा रुंद आणि एवढा उंच, अखंड कोसळणारा पाण्याचा पडदा जगात दुसरा नाही. तिथली माणसं त्याला मोसी-ओआ-तुन्या म्हणतात, म्हणजे गर्जणारा धूर. त्या धुराच्या ऐन माथ्यावर, काठाला लागूनच लिव्हिंग्स्टन बेट आहे आणि बेटाच्या कडेला तो डोह. डोहाच्या दरीकडच्या अंगाला पाण्याखाली खडकाचा उंबरा आहे. नदी कोरड्या दिवसांत उतरली की तो उंबरा माणसाला अडवून धरतो आणि पाणी तेवढं त्याच्यावरून पलीकडे सांडतं.

आता नीट ऐका, कारण खरी गंमत इथे आहे. झांबियाच्या काठावरून छोट्या मोटरबोटीतून बेटावर नेतात. चपला काढायला लावतात. घसरड्या काळ्या खडकांवरून चालवतात, मग थोडं पोहायचं, तेही प्रवाहाची ओढ अंगावर घेत. एक गाइड पुढे, एक मागे. डोहात उतरलं की पाणी पाठीला धक्का देत देत तुम्हाला पार त्या उंबऱ्यापर्यंत नेऊन टेकवतं. पायाच्या बोटांना बारके मासे चावे घेतात. लोक किंचाळतात ते दरीला भिऊन, अशी तुमची समजूत असेल, तर निम्म्या किंकाळ्या माशांच्या खात्यावर टाका. मग गाइड म्हणतो, पालथे व्हा. तुम्ही उंबऱ्यावर छाती टेकता, डोकं दरीवर काढता. आणि गाइड मागून तुमचे दोन्ही घोटे घट्ट धरून बसतो.

घोटे! इतका वेळ ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते हेच. आता परत तो फोटो काढा आणि दोन बोटांनी मोठा करा. कंबर दिसते, गुडघे दिसतात, आणि गुडघ्यांच्या थोडं खाली फोटो संपतो. कात्री मारलेली आहे. मी आणखी चार जणांचे फोटो तपासले. सगळ्यांचे पाय गुडघ्याखाली नाहीसे झालेत. जिवावर उदार होऊन एकटीच मृत्यूच्या तोंडात डोकावणारी बाई हवी आहे ना सगळ्यांना. तिथे मागे एक तरणा झांबियन पोरगा, भिजलेल्या टी-शर्टात, तिचे घोटे धरून, पुढच्या पाहुण्याची वेळ झाली का ते बघत बसलाय, हे दाखवून कसं चालेल? आणि फोटो काढणारा तरी कोण? दुसरा गाइड. तो बिचारा सगळ्यांचे मोबाइल सांभाळत त्याच कड्याच्या ओल्या दगडांवर अनवाणी इकडून तिकडे जातो, आपण गच्चीवर वाळवण घालायला जावं तसा. धाडस म्हणायचंच असेल तर त्याचं म्हणा. त्याचा फोटो मात्र कुणी काढत नाही.

पैसे विचाराल तर माणशी शंभर डॉलरच्या वरच. त्यातही प्रकार: सकाळी गेलात तर नाश्ता, दुपारी जेवण आणि तिसऱ्या प्रहरी साग्रसंगीत चहा, केक-सँडविचसकट. म्हणजे आधी दरीवर लोंबकळायचं आणि मग ओल्या केसांनी तंबूत बसून किटलीतला चहा घ्यायचा. काय ही इंग्रजांची शिकवण!

इंग्रज म्हणजे खरं तर स्कॉटिश. कारण हा सगळा वाह्यातपणा सुरू कुणी केला, त्या गृहस्थांचं नावच बेटाला आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन, मिशनरी. कोलोलो राजा सेकेलेटूच्या माणसांनी त्यांना नोव्हेंबर १८५५मध्ये होडीतून या बेटावर आणलं. ‘शोध लावला’ म्हणतात, पण होडी वल्हवणाऱ्यांना धबधबा कुठे आहे ते नीट ठाऊक होतं म्हणून तर ते बुडाले नाहीत. लिव्हिंग्स्टन साहेबांनी काठावर जाऊन खाली पाहिलं आणि धबधब्याला आपल्या राणीचं नाव देऊन टाकलं. इथवर एक वेळ ठीक. पण पुढे त्यांनी काय करावं? बेटावर जर्दाळू आणि पीच यांच्या कोया पुरल्या, कॉफीचं बी पेरलं, कुंपणाची सोय लावली आणि बाग तयार झाल्यावर एका झाडावर आपली आद्याक्षरं कोरली, खाली साल घातलं १८५५! धर्मप्रसाराला निघालेला माणूस! या एवढ्या एकाच वेळी आपण असला आत्मप्रौढीचा मोह केला, अशी कबुली त्यांनी आपल्या पुस्तकात दिली आहे खरी. पण तुम्हीच सांगा, किल्ल्याच्या बुरुजावर बदाम काढून खाली दोन नावं खरडणारा आपला पोरगा पकडला गेला, तर तोही हेच म्हणणार ना, ‘पहिल्यांदाच केलं हो’?

बागेचं काय झालं म्हणता? साहेबांना आधीच भीती होती पाणघोड्यांची, त्यांच्या पावलांचे ठसे बेटावर दिसले होते. १८६०मध्ये भाऊ चार्ल्स आणि डॉक्टर कर्क यांना घेऊन साहेब परत आले तेव्हा पाणघोड्यांनी बाग तुडवून सपाट केली होती. पाणघोड्यांना बोल लावायला मी तयार नाही.

पण १८६०च्या त्या भेटीतली खरी खबर पुढेच आहे. दरी किती खोल ते मोजायचं म्हणून त्यांनी दोरीच्या टोकाला बंदुकीच्या गोळ्या बांधल्या, सोबत पांढऱ्या कापडाचा तुकडा, आणि दोरी सोडायला लागले. आणि ते कापड कुठवर जातंय हे बघायला त्यांच्यातला एक जण काय करत होता? पुढे आलेल्या सुळक्यावर आडवा पडून, डोकं दरीवर काढून खाली बघत होता! दोरी ३१० फूट सुटली, मग वजन एका उतारावर अडकलं, आणि वरून ते कापड नाण्याएवढं दिसत होतं म्हणे. म्हणजे बघा, दाढीवाले, बूटवाले, व्हिक्टोरियन शिस्तीतले बाप्ये तिथे आडवे पडून डोकावले तर ते संशोधन; आमच्या पर्सवाल्या काकू डोकावल्या तर ग्रुपवर हलकल्लोळ. आणि एक प्रश्न मला राहून राहून पडतो. बाकीचे दोरी सोडण्यात गुंतले होते, तर त्या पडलेल्या माणसाचे घोटे कुणी धरले होते?

ज्यांना खरोखर धक्का बसायला हवा ते वेगळेच लोक आहेत. लिव्हिंग्स्टन आले तेव्हा धबधब्याजवळच्या तीन जागी तिथले तीन प्रमुख पूर्वजांच्या आत्म्यांना प्रार्थना करत, नैवेद्य देत. ही नोंद साहेबांनीच केली आहे, आणि त्या तीन जागांपैकी एक म्हणजे हे बेट. ज्या जागी मुखिया माणूस अदबीनं हात जोडायचा, तिथे आज टॉवेलांची रांग आणि केकची बशी. धबधब्याच्या परिसरातले लेया लोक अजून तिथेच आहेत. त्यांचं मुकुनी गाव धबधब्यापासून फार लांब नाही, आणि पर्यटकांच्या गाड्या डोह आटोपून तिथेही जातात, अर्ध्या तासासाठी.

आता या धबधब्याच्या वेडाचा आणखी एक मानकरी ऐका: सेसिल ऱ्होड्स, आफ्रिकेतला इंग्रज साम्राज्यवादी. केपपासून कैरोपर्यंत रेल्वे न्यायचं त्याच्या डोक्यात होतं. झांबेझीवर रेल्वेचा पूल कुठे बांधायचा? नदीचा पाट जिथे सोयीचा असेल तिथे, असं शहाण्या माणसाला वाटेल. ऱ्होड्सला वाटलं, धबधब्याच्या अगदी तोंडाशी बांधा, म्हणजे गाडी जाताना डब्यांवर तुषार उडतील! आणि हा मनुष्य धबधबा बघायला कधी गेलाच नाही. १९०२मध्ये वारला. पूल १९०५ साली तयार झाला आणि १२ सप्टेंबरला त्याचं उद्घाटन केलं जॉर्ज डार्विन यांनी. हो, त्याच डार्विनचा मुलगा. माकडांचा विषय त्या घराण्याला चुकला नाही, कारण धबधब्यापाशी आजही बबून माकडं टपलेली असतात. हातातली पिशवी, केळं, वेफर्सचा पुडा, काही म्हणून सोडत नाहीत.

त्या पुलावरून पाण्यापर्यंत १२८ मीटर. तेव्हा आपल्या लोकांना काय सुचावं? पायाला दोर बांधून उलटं उडी मारायची. १११ मीटरची बंजी. २०११च्या शेवटच्या दिवशी एका ऑस्ट्रेलियन तरुणीचा दोर तुटला आणि ती बांधलेल्या पायांनिशी थेट झांबेझीत पडली. नदीत सुसरी-मगरींचा वावर. पोरगी जिद्दीची, पोहत काठाला लागली, जगली. साऱ्या जगानं तो व्हिडिओ डोळे फाडून पाहिला. त्यानंतर उड्या बंद पडल्या असतील असं वाटतंय? नाव नको. बंजी आजही चालू आहे, आणि पैसे मोजून उड्या घेणारे आजही आहेत. आपण हे वाचून ‘शिव शिव’ म्हणतो आणि तो व्हिडिओ कुठे मिळेल ते शोधायला लागतो.

पण या सगळ्या गलक्यात जी गोष्ट कुणी बोलत नाही ती अशी, की मंडळी धबधबा बघायला जात नाहीत, धबधबा नसलेला बघायला जातात. पटत नाही? हिशेब बघा. झांबेझीचं पाणी येतं वरच्या अंगाला, अंगोला आणि झांबियाच्या डोंगराळ मुलखात पडणाऱ्या पावसाचं. पाऊस डिसेंबर ते मार्च. पण ते पाणी वाटेत बारोत्सेच्या सपाट मैदानात पसरतं, रेंगाळतं. तिथल्या लोझी लोकांचा राजा याच पुरात आपला लवाजमा घेऊन मोठ्या होडीतून लेआलुईहून उंचावरच्या लिमुलुंगाला मुक्काम हलवतो, त्याचा केवढा तरी सोहळा असतो. त्यामुळे धबधब्यापाशी पूर पोहोचतो तो एप्रिलच्या सुमाराला, तेव्हा वर आकाश निरभ्र. ऐन पुरात मिनिटाला ५० कोटी लिटर पाणी कड्यावरून खाली जातं. तुषारांचा खांब शेकडो मीटर वर चढतो, कित्येक किलोमीटरवरून दिसतो. आणि त्याच्या समोर उभं राहिलात तर? काही दिसत नाही. पांढरा अंधार. पायाखालची वाट थरथरते, कानांत गर्जना, आणि अंगावर खालून, वरून, आडवा पाऊस. भाड्यानं घेतलेला रेनकोट आतून भिजतो. फोटोत येतो तो चष्म्यावर थेंब असलेला आपला नवरा आणि त्याच्या मागे धुकं. हे धुकं लोणावळ्यालाही मिळालं असतं, असं तो बोलतोही.

म्हणजे धबधबा खऱ्या अर्थानं जिवंत असतो तेव्हा फोटो नाही. फोटो येतो तेव्हा धबधबा ओसरलेला. डेव्हिल्स पूल उघडा असतो तो साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर झांबियाच्या बाजूचा पूर्वेकडचा भाग जवळपास कोरडा पडतो, नुसती काळ्या बसाल्टची भिंत. आपल्या सह्याद्रीतही तोच दगड, त्यामुळे मराठी डोळ्यांना काही परकं वाटू नये. नदीतलं थोडं पाणी वरच्या वर काढून झांबिया वीजही करतो, १०८ मेगावॉट. पुन्हा १०८! आजींना हे अजून सांगितलेलं नाही.

कड्याच्या या कोरडेपणावरून २०१९च्या डिसेंबरात भलताच बोभाटा झाला होता. दुष्काळ मोठा होता, आणि कोरड्या कड्याचे फोटो जगभर फिरले: व्हिक्टोरिया फॉल्स आटला! झांबियाच्या राष्ट्राध्यक्षांनीही चिंता व्यक्त केली. झालं, तिथले पर्यटनवाले संतापले. अहो, तो एका बाजूचा कडा दरसाल कोरडा पडतो, झिम्बाब्वेच्या बाजूला पाणी धो धो चालू आहे, बुकिंगं रद्द करू नका! दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या परीनं खरं, म्हणून भांडण जास्त रंगलं. त्यात मुळात दोन देशांची चुरस. बघायला झिम्बाब्वेची बाजू चांगली, दरीच्या समोरून बराचसा पडदा दिसतो. बसायला झांबियाची, कारण बेट आणि डोह तिकडून. झिम्बाब्वेच्या रेलिंगपाशी उभं राहिलेल्या माणसाला समोर कड्याच्या रेघेवर चार-पाच काळे ठिपके दिसतात. ती डोकी असतात. इकडचे तिकडच्यांना वेडे म्हणतात आणि संध्याकाळी गुपचूप दुसऱ्या दिवशीच्या बोटीची चौकशी करतात.

झिम्बाब्वेच्या बाजूला आणखी एक माल मिळतो, तो चुकवू नका. जुन्या नोटा विकणारी पोरं मागे लागतात. २००९ सालची १०० ट्रिलियन डॉलरची नोट, म्हणजे १०० लाख कोटी. महागाईनं या नोटेची रया गेली, चलनातून बाद झाली, आणि आता आठवण म्हणून पाहुणे ती खऱ्या डॉलरांत विकत घेतात. नोट उलटी करा: मागच्या अंगाला एकीकडे रानरेडा आणि शेजारी हाच धबधबा, भरून वाहणारा. नोट छापणाऱ्यांनी पाण्याच्या बाबतीत काटकसर केली नाही.

तर आता आपल्या लोकांची पंचाईत लक्षात येतेय का? मराठी माणूस सहकुटुंब निघणार कधी, तर मे महिन्यात. पोरांच्या परीक्षा संपलेल्या, आंबे संपत आलेले. मे महिन्यात तिथे पाणी उदंड, पण डोह बंद. दरीसमोर रेनकोटात कुडकुडून यायचं. पैसे पाण्यात गेले ही तक्रार इतकी शब्दशः खरी दुसरीकडे कुठे होत नसेल. बरं, दिवाळीत जावं, तर डोह उघडा, फोटो झकास, पण पलीकडचा कडा उघडावाघडा. घरी येऊन फोटो दाखवावेत तर सासरे विचारणार, ‘आणि धबधबा कुठाय?’ टूरवाले दोन्ही वेळेला तोच जुलैतला फोटो जाहिरातीत घालतात, त्यात दोन्ही आहे असं वाटतं, आणि सगळे फसतात.

म्हणजे पाणीही बऱ्यापैकी आणि डोहही नुकताच उघडलेला, असा काळ किती? ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर. आणि त्यात आपल्याकडे काय येतं? गणपती! आता बोला. घरच्या गणपतीला सोडून आफ्रिकेत पालथं पडायला जायचं, ही कल्पनाच मुळी सहन होणारी नाही. पण परवा पार्किंगमध्ये कुजबुज कानावर आली ती अशी: पर्सवाल्या काकूंचे फोटो पाहून तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी जावा निघाल्या आहेत. पाच दिवसांचा गणपती यंदा दीड दिवसाचा करायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन आणि रात्रीचं विमान. गुरुजींना सांगून झालंय. पोहण्याच्या क्लासचे पैसे भरून झालेत. सासूबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.